एक प्रश्न, सहा दारं : मेटासर्चची तीस वर्षं आणि लोणारचं वय

लोणारचं विवर किती वर्षांपूर्वी तयार झालं, असं इंटरनेटवर विचारलं तर दोन उत्तरं शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक म्हणतं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरं म्हणतं सुमारे ५ लाख ७० हजार. पहिला आकडा थर्मोल्युमिनेसन्स या पद्धतीने १९९० च्या दशकात निघाला आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे पोचला. दुसरा आर्गॉनच्या समस्थानिकांच्या मोजणीतून २०११ च्या सुमारास पुढे आला. दोन्हींत दहा पटींहून जास्त अंतर आहे. तो वाद भूशास्त्रज्ञांनी मिटवावा. इथे मात्र बुलडाणा जिल्ह्यातलं हे खारं तळं वेगळ्या कामाला येईल. अनेक शोधयंत्रांना एकदम विचारून त्यांची उत्तरं एका यादीत बसवणारं मेटासर्च नावाचं यंत्र अशा प्रश्नापुढे नेमकं काय करतं, ते लोणारवरून चांगलं कळतं. त्यासाठी आधी ते यंत्र जन्माला का आलं, हे पाहायला हवं.

१९९४ साली वेबवर शोधयंत्रांचं पेवच फुटलं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन या विद्यार्थ्याने वेबक्रॉलर उभं केलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून लायकॉस आलं. स्टॅनफर्डमध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फायलो माणसांच्या हातांनी याहूची यादी लावत होते. इन्फोसीक, ओपन टेक्स्ट, गॅलेक्सी ही आणखी नावं. प्रत्येकाने वेबचा आपापला तुकडा वाचला होता आणि उरलेला कोणीच वाचला नव्हता. तेव्हाच्या यंत्रांकडे साठवण कमी होती, जोडण्या संथ होत्या आणि नवी पानं रोज वाढत होती. लोणारवरचं एखादं पान लायकॉसला ठाऊक असे, वेबक्रॉलरला नसे. दुसऱ्या पानाचं नेमकं उलट. म्हणून ज्याला खरोखर शोध घ्यायचा असे, तो एकच शब्द एकेका ठिकाणी टाइप करत दारोदार फिरे.

हा कंटाळवाणा फेरा वॉशिंग्टन विद्यापीठातल्याच एरिक सेलबर्ग या विद्यार्थ्याने आणि त्याचे प्राध्यापक ऑरेन एट्झिओनी यांनी यंत्राच्या गळ्यात घातला. जुलै १९९५ मध्ये त्यांचा मेटाक्रॉलर लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षी त्यावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी गॅलेक्सी, इन्फोसीक, लायकॉस, ओपन टेक्स्ट, वेबक्रॉलर आणि याहू या सहा सेवांची आपापसांत तुलनाही केली. त्याच सुमाराला कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात डॅनियल ड्राइलिंगर यांनी सॅव्हीसर्च चालवलं होतं. त्याची युक्ती वेगळी होती. ते सगळ्यांना विचारत बसत नसे. कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला पूर्वी कोणत्या यंत्राने चांगलं उत्तर दिलं याची नोंद ठेवून त्यावरून ते दारं निवडे. १९९६ मध्ये डॉगपाइल आलं, १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इक्सक्विक.

आपल्याकडे याच दरम्यान, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही मोजक्या महानगरांत. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात ते पोचायला पुढची काही वर्षं लागली, आणि पोचलं तेव्हा फोनच्या तारेवरून, मोडेमच्या चिरचिराटासह. अशा संथ जोडणीवर सहा ठिकाणी सहा वेळा पान उघडण्याची वाट पाहणं म्हणजे वेळ आणि बिल दोन्ही वाढवणं. सहाही चौकशा दूरच्या जलद सर्व्हरने एका वेळी करून आपल्याला एकच पान धाडणं, हा मेटासर्चचा पहिला आणि खराखुरा फायदा. ज्यांच्याकडे जोडणी सर्वांत वाईट, त्यांना तो सर्वांत जास्त.

खामगावच्या बाजारातला अडत्या स्वतः कापूस पिकवत नाही. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचं, त्याचं भांडवल म्हणजे कोणाकडे काय आहे याची माहिती. मेटासर्चचंही तसंच आहे. त्याच्याकडे वेबची स्वतःची अनुक्रमणिका नसते. आपण ‘लोणार सरोवर’ असं लिहिलं की ते शब्द प्रत्येक शोधयंत्राला कळेल अशा बोलीत मांडून एकाच वेळी सगळीकडे पाठवले जातात. मग उत्तरांची वाट पाहायची, पण किती? एखादं यंत्र सुस्त असेल तर त्याच्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवता येत नाही. ठरावीक सेकंदांत जे आलं ते घेऊन पुढे जायचं. आलेल्या पानांतून पत्ता, शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश सोलून काढायचा. एकच पान दोन पत्त्यांनी आलं असेल तर ते ओळखून एकदाच ठेवायचं. मेटाक्रॉलर आणखी एक कष्ट घेऊ शके. ते पान अजून जागेवर आहे का आणि त्यात आपला शब्द खरंच आहे का, हे ते उघडून पाही. मेलेल्या दुव्यांनी भरलेल्या त्या काळात ही मोठीच सोय होती, फक्त वेळ जास्त लागे.

खरी मेख पुढे आहे. सहा याद्यांची एक यादी करताना पहिला नंबर कोणाला द्यायचा? प्रत्येक यंत्र आपल्या पानांना गुण देतं, पण ते गुण वेगवेगळ्या मापांत असतात आणि बहुधा बाहेर दाखवलेच जात नाहीत. हाती राहतो तो फक्त क्रम. क्रमांवरून मतं मोजण्याची एक जुनी रीत अठराव्या शतकात फ्रेंच गणिती जाँ-शार्ल द बोर्दा यांनी निवडणुकांसाठी सुचवली होती, तीच इथे कामाला आली. पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. मग सगळ्यांची बेरीज. इक्सक्विकने हेच आणखी सोपं करून टाकलं होतं. जितक्या यंत्रांच्या पहिल्या दहांत पान आलं, तितके तारे.

आता लोणारकडे वळू. समजा तीन यंत्रांना त्याचं वय विचारलं. एका यंत्राने नव्या संशोधनाचं पान पहिल्या क्रमांकावर दिलं, उरलेल्या दोघांच्या पहिल्या दहांत ते नाहीच. त्या पानाला मिळाले १० गुण. ५२ हजारांचा आकडा सांगणारं पर्यटनाचं एक पान मात्र तिन्हीकडे आहे, अनुक्रमे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर. त्याचे गुण सात, सहा आणि पाच, म्हणजे १८. कोणत्याच यंत्राने ज्याला पहिल्या तिनांत घेतलं नव्हतं, ते पान एकत्र यादीत नव्या संशोधनाच्या वर जाऊन बसतं. इथे यंत्राने चूक केली असं म्हणता येत नाही. त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. कचरा गाळायला ही पद्धत फार चांगली आहे. एकाच यंत्राला फसवून वर चढलेलं पान तिन्हीकडे सहसा चढू शकत नाही. पण जे नवं आहे, मोजक्याच ठिकाणी लिहिलं गेलं आहे, ते तिच्या हाती खाली ढकललं जातं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा हीच अडचण बातम्यांत दिसली. पहिल्या काही दिवसांत शैवाल, खारटपणा, घटलेली पातळी असे अंदाज शेकडो ठिकाणी छापले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्यात लक्ष घातलं. नमुने तपासून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे, असं सांगितलं, तोवर जुलै उजाडला होता. मतमोजणी आधीच झालेली असते. उशिरा आलेल्या पुराव्याला मागून चढावं लागतं.

परत १९९८ कडे. त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात स्टीव्ह लॉरेन्स आणि ली जाइल्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी वेबवर किमान ३२ कोटी पानं असल्याचा अंदाज मांडला आणि कोणत्याही एका शोधयंत्राने त्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त वाचलेली नाहीत, असं दाखवलं. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांचा नवा हिशेब आला : पानं सुमारे ८० कोटी, आणि सर्वांत मोठ्या यंत्राचा वाटा जेमतेम १६ टक्के. वेब धावत होतं आणि शोधयंत्रं धापा टाकत मागे पडत होती. मेटासर्चच्या बाजूने याहून जोरदार युक्तिवाद दुसरा नव्हता. हे दोघे स्वतः इन्क्वायरस नावाचं मेटासर्च बांधणारे होते, हे लक्षात ठेवायला हरकत नाही, पण म्हणून त्यांची मोजणी कोणी खोटी ठरवली नाही.

मेटासर्चचा हा सर्वांत भराचा काळ. २००० मध्ये कार्नेगी मेलनमधूनच निघालेल्या व्हिव्हिसिमो कंपनीने तर उत्तरांची लांबलचक यादी टाळून त्यांचे गट पाडायला सुरुवात केली. लोणारसारख्या शब्दासाठी ही पद्धत मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते. उल्का आणि बसाल्ट एका गठ्ठ्यात, दैत्यसूदन मंदिर दुसऱ्यात, सूक्ष्मजीव तिसऱ्यात, मुक्काम आणि वाटा चौथ्यात. ज्याला मंदिर पाहायचं आहे त्याने आर्गॉनच्या मोजणीतून वाट काढत का जावं? पुढे २०१२ मध्ये आयबीएमने ही कंपनी विकत घेतली आणि ती कला कंपन्यांच्या अंतर्गत दप्तरांत गेली.

पैशाने मात्र लवकरच घोळ घातला. सहा शोधयंत्रांना प्रश्न पाठवून मेटासर्चला मिळणार काय? जाहिरात. आणि शोधयंत्रं स्वतःच पैसे घेऊन वरच्या जागा विकू लागल्यावर त्या विकत घेतलेल्या जागा मेटासर्चच्या यादीत खऱ्या उत्तरांत मिसळल्या. मूळ ठिकाणी बऱ्याचदा निदान ‘प्रायोजित’ असा शिक्का तरी असे. तीन-चार याद्या एकत्र वाटल्यावर तो कुठे गेला, ते वाचणाऱ्याला कळेना. जून २००२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शोधयंत्रांना पत्रं लिहून पैसे घेतलेली उत्तरं स्पष्ट वेगळी दाखवायला सांगितलं. तोवर अनेकांचा विश्वास उडाला होता.

दुसरा घाव न्यायालयातून बसला. बिडर्स एज नावाची कंपनी वेगवेगळ्या लिलाव संकेतस्थळांवरच्या वस्तू एका जागी दाखवत असे. तिचा प्रोग्रॅम ईबेच्या सर्व्हरवर दिवसाला सुमारे एक लाख वेळा जाई. ईबे न्यायालयात गेलं, आणि मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने बिडर्स एजला मनाई केली. आमच्या यंत्रावर आमच्या परवानगीशिवाय येऊ नका, हे म्हणणं तिथे मान्य झालं. ज्याची माहिती त्याने दार लावलं तर मेटासर्चकडे उरतं काय, हा प्रश्न त्या निकालाने उघडा पाडला.

आणि मग गूगल. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या यंत्राने दुव्यांवरून पानांची प्रतिष्ठा मोजली, अनुक्रमणिका झपाट्याने वाढवली आणि बहुतेकांना पहिल्या पानावरच हवं ते मिळू लागलं. सहा दारं ठोठावायचं कारणच संपलं, असं लोकांना वाटलं. तो समज पूर्ण खरा नव्हता. २००५ मध्ये डॉगपाइलने विद्यापीठीय संशोधकांना घेऊन केलेल्या पाहणीत गूगल, याहू, एमएसएन आणि आस्क या चौघांच्या पहिल्या पानांवर सारखी आढळलेली उत्तरं अवघी १.१ टक्का होती. पाहणीचा खर्च डॉगपाइलच्या मालकांचा होता, तेव्हा ती जरा सावधपणेच वाचावी. पण यंत्रं एकमेकांहून वेगळी उत्तरं देतात, एवढं त्यातून दिसतं. लोकांना फरक पडत नव्हता, कारण बहुतेक प्रश्नांना ‘पुरेसं’ उत्तर चालतं. दरम्यान दारंही कमी होत गेली. २००३ मध्ये याहूने इंकटोमी घेतलं, मग ओव्हरचरसह ऑल्टाविस्टाही. २००९ च्या करारानंतर याहूची उत्तरंच मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येऊ लागली. पाट्या अनेक, माल दोन-तीन गोदामांतला. अशा वेळी मतं मोजण्यात अर्थ राहत नाही. एकच मतदार दोन नावांनी मतदान करून जातो.

या सगळ्या वाटचालीत मराठी वाचक कुठे होता? बराच काळ यादीबाहेरच. २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रं वेबवर आली, पण प्रत्येकाचा फाँट निराळा आणि त्यामागची अक्षरांची संकेतप्रणालीही निराळी. वाचायला आधी तो फाँट उतरवून घ्यायचा. शोधयंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतंच, रोमन चिन्हांची खिचडी होती. जिथे एकही यंत्र ‘कापूस’ वाचू शकत नाही, तिथे सहा यंत्रांची बेरीजही शून्यच. देवनागरीचं युनिकोड, म्हणजे सगळ्यांसाठी एकच संकेतप्रणाली, १९९१ पासून होतं. ते विंडोजमध्ये येऊन, वर्तमानपत्रांनी स्वीकारून, सायबर कॅफेतल्या संगणकांवर पोचेपर्यंत दशक उलटून गेलं.

युनिकोड आल्यावर दुसरी अडचण दिसली. खामगावच्या शेतकऱ्याच्या मुलाने ‘कापूस भाव’ शोधलं, तर ज्या बातमीत ‘कापसाचे भाव’, ‘कापसाला भाव’ असं लिहिलं आहे ती यंत्राच्या नजरेतून सुटू शकते. कापूस आणि कापसा- हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, हे यंत्राला कोणीतरी शिकवावं लागतं. जिल्ह्याचं नावही काही कागदांत बुलडाणा, काही ठिकाणी बुलढाणा. इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार वेगळेच. मेटासर्च आपण लिहिलेलं जसंच्या तसं सगळ्यांना पाठवतं. मूळ यंत्रांना मराठीचं व्याकरण येत नसेल तर ती सगळी मिळून एकच चूक करतात, आणि एकत्र केलेल्या यादीला ती चूक दिसतसुद्धा नाही.

याच अडचणीवर मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या पैशावर, अनेक संस्थांचा गट २००६ पासून काम करत होता. एका भारतीय भाषेत प्रश्न विचारावा आणि त्याच भाषेबरोबर हिंदी-इंग्रजीतलीही उत्तरं मिळावीत, ही त्यांची कल्पना. त्यातूनच ‘संधान’ हे शोधयंत्र निघालं : मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या पाच भाषांत, विषय पर्यटन. शब्दांची रूपं ओळखणं, नावं ओळखणं यावर त्यात मेहनत झाली. लोणारबद्दल मराठीत विचारणाऱ्यासाठी याहून योग्य यंत्र कागदावर तरी दुसरं नव्हतं. पण ते लोकांच्या रोजच्या सवयीत आलं नाही. मोबाइल हातात आला तेव्हा गूगल आधीच त्यात बसलेलं होतं.

मेटासर्च सामान्य माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने पोचलं ते प्रवासाच्या वाटेने. परदेशात स्कायस्कॅनर, कयाक आणि ट्रिव्हॅगो, भारतात २००७ मध्ये आलोक बाजपेयी आणि रजनीश कुमार यांनी सुरू केलेलं इक्सिगो. प्रश्न ठरलेला, उत्तर आकड्यांत : कुठून कुठे, कधी, किती रुपये. अशा ठिकाणी याद्या जुळवणं सोपं आणि फायदा चटकन कळणारा. पण खोटही इथेच उघड झाली. ट्रिव्हॅगो सर्वांत स्वस्त दर दाखवल्याचा आव आणत होतं. प्रत्यक्षात वरची जागा ठरवताना कोणती बुकिंग कंपनी क्लिकमागे किती पैसे देते हे मोठ्या वजनाने धरलं जात होतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात पुढे आलेल्या पुराव्यानुसार ६६.८ टक्के याद्यांत वरच्या जागी असलेल्या दरापेक्षा स्वस्त दर उपलब्ध होता. २०२० मध्ये कंपनी दोषी ठरली आणि २०२२ मध्ये तिला ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. शिवाय जो क्लिकचे पैसे देत नाही, तो अशा तुलनेत सहसा येत नाही. शेगावला जाणारा भाविक खोलीसाठी संस्थानच्या भक्तनिवासात थेट जाऊन रांगेत उभा राहतो. त्या खोल्यांचा दर या तक्त्यांत शोधून काय मिळणार?

जुन्या प्रकारचं मेटासर्च आज टिकलं आहे ते मुख्यतः खासगीपणाच्या कारणाने. इक्सक्विक पुढे नेदरलँड्समधल्या कंपनीकडे गेलं, २००६ पासून त्याने वापरणाऱ्यांचा माग न ठेवण्याचं धोरण घेतलं आणि आता ते स्टार्टपेज या नावाने ओळखलं जातं. मोठ्या यंत्राला प्रश्न कळतो, विचारणारा कळत नाही. २०१४ मध्ये अ‍ॅडम टॉबर यांनी लिहिलेलं सर्क्स आणि त्यातून २०२१ मध्ये फुटलेलं सर्क्स-एनजी ही खुल्या स्रोताची, कोणालाही आपल्या संगणकावर चालवता येणारी मेटासर्च यंत्रं. त्यांची कायमची तक्रार एकच, की गूगलसारखी यंत्रं त्यांना मधूनच अडवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगची उत्तरं इतरांना पुरवणारी जुनी सेवा बंद केली, तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या लहान सेवांना धावाधाव करावी लागली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात गूगलला आपली काही शोधमाहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितलं. दारं उघडायची की लावायची हा वाद १९९५ इतकाच आजही ताजा आहे.

माझ्या मते सगळ्या वेबचं मेटासर्च हा खेळ संपल्यात जमा आहे. निवडक आणि जाणत्या स्रोतांचं मेटासर्च अजून नीट सुरूही झालेलं नाही. सर्क्स-एनजीत कोणते स्रोत विचारायचे हे चालवणारा ठरवतो आणि त्यात नवे जोडताही येतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने ते एका साध्या संगणकावर बसवावं. त्यात मराठी विश्वकोश, विकिपीडिया, राज्याची गॅझेटिअरं आणि विज्ञानाची खुली नियतकालिकं एवढेच स्रोत ठेवावेत. लोणारवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला मग दोन्ही वयं दिसतील, आणि कोणतं कोणी, कसं आणि कधी मोजलं हेही. खर्च विजेचा आणि एका ग्रंथपालाच्या काही दुपारींचा. ज्यांच्या हातात हे आहे, त्यांनी ते करून पाहावं.